गुरुवारच्या जाहिराती

१

गुरुवारी सकाळी सव्वादहाला, घरात दुसरं चिटपाखरू नसताना, आजोबांच्या कादंबरीत भलतीच बाई घुसली.

कादंबरीचा नायक तेव्हा तळघराच्या दाराला कान लावून उभा होता. आजोबाही श्वास रोखून त्याच्यासोबत उभे होते म्हणा ना. एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातून एक चौकट उसळून वर आली आणि तिच्यातली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "गुडघे दुखतात? आजच पट्टा मागवा!"

आजोबांचे गुडघे ठणठणीत होते. दुखणं होतं ते डोळ्यांचं. एक्केचाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, उलटी अक्षरं सुलट्यासारखी भराभर वाचली, आणि निवृत्त होऊन आता निवांत वाचू म्हणाले तर नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट ठिपका येऊन बसला. कडेचं दिसे, समोरचं नाही. दाराची चौकट दिसे, दारात कोण उभं आहे ते कळत नसे. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. त्यानंतर दोन वर्षं आजोबांनी एक ओळ वाचली नव्हती.

आणि मग या सोमवारी चमत्कार झाला. कॉलेजला निघता निघता नातीने त्यांना हॉलमधल्या कॉम्प्युटरपुढे बसवलं, हातात माउस दिला आणि म्हणाली, "आजोबा, हे बघा, भिंग!" पडद्यावर एक चौकोन सरकू लागला आणि त्याच्याखाली येईल ते अक्षर अंगठ्याएवढं होऊ लागलं. मुलाने लगोलग एक जाडजूड कादंबरी कॉम्प्युटरमध्ये घालून दिली. तेव्हापासून आजोबा रोज सात-आठ तास वाचत होते. त्यांना जेवायला ओढून न्यावं लागत होतं, आणि याचा घरात कुणाला त्रास होत नव्हता.

पट्टेवाल्या बाईला आजोबांनी कसंबसं घालवलं. ती गेली आणि लाल रंगाची दुसरी चौकट आली. भिंगाखाली धरून त्यांनी वाचली: 'तुमचं यंत्र धोक्यात आहे. वाचवायचं असेल तर इथे दाबा.' त्यांनी दाबलं. काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं. मग मात्र जाहिरातींची नुसती रीघ लागली, आणि आजोबांनी ठरवलं की आपण दाबलं हे कुणाला सांगायचं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सूनबाई कॉम्प्युटरवर बसली. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. बोलणं मोजकं, काम काटेकोर, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही दोनदा वाचणारी. कामावरचं एक पत्र पाठवायला तिने इंटरनेट उघडलं आणि पडदाभर फोटो पसरले: 'एकटे आहात? तुमच्या जवळपासच्या मैत्रिणी वाट पाहत आहेत!'

सूनबाईने पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग क्षणभरच, पण आजोबांकडेही पाहिलं. समोरचं दिसत नसलं तरी ती नजर आजोबांना बरोबर कळली.

"बाबा, दिवसभर यावर तुम्ही एकटेच असता ना?" तिने विचारलं.

"मी नुसता वाचत असतो गं."

"असेल. पण यात माझ्या कामाची कागदपत्रं आहेत, पोरीचा अभ्यास आहे. उद्या संध्याकाळी मी हे दुकानात देते, सगळं पुसून आणू. मग पासवर्ड घालू आणि हा डबा तिच्या खोलीत ठेवू. ज्याला काम आहे त्यानेच उघडायचा."

वाचन हे काम आहे की नाही, हे विचारायचं आजोबांच्या तोंडावर आलं होतं. पण दोनदा दाबलेलं ते बटण आठवलं आणि ते उठून आत गेले.

२

शनिवारी सकाळी सूनबाई कामावर गेली आणि मुलाने हळूच तळमजल्यावरच्या बाईंना वर बोलावलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. पुसून टाकणं म्हणजे दुरुस्ती, हे त्याला मुळातच पटलं नव्हतं.

या बाईंना सगळी इमारत 'सापडलेबाई' म्हणे. तीस वर्षं त्या बस-स्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसल्या होत्या. छत्र्या, कवळ्या, एकेक पायातले बूट, सगळं त्यांच्याकडे जमा होई आणि त्या ते ज्याचं त्याला शोधून परत करत. निवृत्त झाल्यावर त्यांना चैन पडेना, म्हणून त्या कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकल्या. त्यांचं म्हणणं, दोन्ही धंदे एकच. माणसाला आपण शेवटचं काय केलं ते आठवत नसतं, एवढंच.

त्या आल्या, चष्मा पुसला, खुर्चीत बसल्या आणि कॉम्प्युटरला हातही न लावता म्हणाल्या, "काय वाटतं ते मला नको. काय केलं ते सांगा. आधी तुम्ही."

मुलाने मान खाजवली. "मी कधीकधी फुकटात मॅच बघतो. साइट जरा तशीच आहे. पण आता फोनवर बघतो, यावर नाही."

"शेवटची यावर कधी बघितली?"

"दोन महिने झाले असतील."

"बरं. तू गं?"

नातीने दाराला टेकून हातांची घडी घातली होती. "मी कॉलेजच्या कामासाठी अक्षरांचे नमुने, म्हणजे फॉन्ट, उतरवून घेतले. फुकटचे. पण ते कालच. आणि जाहिराती त्याच्या आधीच आल्या होत्या!"

"रागावतेस कशाला, मी कुठे काय म्हणाले? आता आजोबा."

आजोबांना लेकासमोर, नातीसमोर कबूल करायचं म्हणजे लाज वाटत होती. पण संध्याकाळी कॉम्प्युटर जाणार तर जाणारच होता, मग खोटं बोलून काय वाचणार होतं?

"मी दाबलं," ते म्हणाले. "गुरुवारी. लाल चौकट आली, यंत्र धोक्यात आहे म्हणाली. मी दोनदा दाबलं. त्यानंतरच हे सगळं सुरू झालं. सूनबाईचं बरोबर आहे. माझ्यामुळेच झालं."

नात पुढे येऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. सापडलेबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"चौकटीत फोन नंबर होता?"

"होता."

"केलात?"

"छे! दोन ओळींत तीन चुका होत्या मजकुरात. असल्या लोकांना मी फोन करीन होय?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "आता नीट आठवून सांगा. लाल चौकटीच्या आधी काय आलं होतं?"

"गुडघ्याच्या पट्ट्याची बाई."

"आणि ती आली तेव्हा इंटरनेटवरचं कुठलं पान उघडं होतं?"

"पान कुठलं? मी कादंबरी वाचत होतो. लेकाने आतच घालून दिलीय. इंटरनेट मला उघडतासुद्धा येत नाही."

सापडलेबाईंनी टेबलावर हलकेच थाप मारली.

"मग तुम्ही सुटलात, आजोबा," त्या म्हणाल्या. "बाहेरचं एकही दार उघडं नव्हतं आणि बाई घरात बोलली. म्हणजे ती आधीपासून आत होती. तुम्ही दाबलं त्याने एक खिडकी जास्तीची उघडली, ती मी लावून देईन. पण चोराला आत घेतलं ते तुम्ही नाही आणि गुरुवारी नाही. कुणीतरी त्याच्याही आधी, दार उघडून, या म्हणालंय."

३

बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी काढली आणि ती तारखेप्रमाणे लावली. सगळ्यात नवं वर, जुनं खाली.

"हे वरचे कालचे नातीचे नमुने. निरुपद्रवी दिसतायत. आता त्याखाली बघा."

आजोबांनी सवयीने भिंग सरकवलं आणि मोठ्याने वाचलं. "'मोठं भिंग'. 'स्वस्त सोबती'. 'शोधमित्र'. तिघांची तारीख गेल्या रविवारची. वेळ चार वाजून बारा मिनिटं." ते थांबले. "तिघांचीही तीच?"

"तीच. एकाच गाडीतून उतरलेले तीन प्रवासी," बाई म्हणाल्या. "पहिला तिकीट काढून आला. उरलेले दोघे त्याच्या सामानातून. हा 'सोबती' जाहिराती दाखवतो आणि हा 'मित्र' तुम्ही काही शोधलं की भलत्याच पानावर नेऊन सोडतो."

"पण जाहिराती गुरुवारी आल्या. मग चार दिवस काय करत होते?" मुलाने विचारलं.

"गप्प बसले होते. लगेच धिंगाणा घातला तर कुणाच्या हातून आले ते माणसाला लगेच कळतं. चार दिवस गेले की कोण आठवतंय? जो शेवटचा दिसला त्याच्या माथी मारून मोकळे."

आता सगळ्यांच्या लक्षात एकच गोष्ट आली. मुलाने लेकीकडे पाहिलं. "भिंग तू घातलंस ना?"

"मी? मी फक्त आजोबांना दाखवलं! सोमवारी पडद्यावर त्याचं चित्र दिसलं, मला वाटलं तुम्ही घातलं असेल, पप्पा."

"मला तर वाटलं तू."

"मी खोटं बोलतेय का?" नातीचा आवाज चिरकला.

आजोबांना राहवेना. पोरीने चांगल्या मनाने आणलं असणार, आता घाबरून नाही म्हणतेय. भिंगामुळे तिला बोलणी बसणार असतील तर ते भिंग घेऊन करायचं काय? ते खाकरले.

"तिला काही बोलू नका. भिंग मीच घातलं."

सापडलेबाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "तुम्ही?"

"हो. बघून बघून."

"कशाने बघून? भिंग बसवायला दहा-बारा बटणं वाचून दाबावी लागतात. भिंग येण्याआधी ती तुम्हाला दिसली कशी?"

नात हसत सुटली आणि तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले. "आजोबा, तुम्हाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही!"

"रविवारी चार वाजता कोण कुठे होतं?" बाईंनी विचारलं.

मुलगा आजोबांना घेऊन केस कापायला गेला होता. रविवारची गर्दी, साडेपाचपर्यंत दोघे बाकावर बसून. नात पोहण्याच्या सरावाला गेली होती, तिथे हजेरी लागते. बाईंनी एकेक बोट मिटलं. तीन बोटं मिटली, आणि हॉलमधल्या चौथ्या खुर्चीकडे सगळ्यांची नजर एकदमच गेली. खुर्ची रिकामी होती, कारण तिच्यावर बसणारी प्रयोगशाळेत होती आणि दोन वाजता घरी यायची होती.

"आई? शक्यच नाही," नात म्हणाली. "आई मिठाच्या पुडीवरचंसुद्धा सगळं वाचते."

"तेच तर कोडं आहे," बाई म्हणाल्या. "कुणी ते कळलं. पण सगळं वाचणारा माणूस असा फसतो कसा? ते कळलं नाही तर हे पाहुणे पुढच्या महिन्यात परत येतील."

खरं तर आजोबांना हायसं वाटायला हवं होतं. कालच्या त्या नजरेची परतफेड आयतीच चालून आली होती. पण त्यांना वाटली ती काळजी. सूनबाई चुकणं म्हणजे काय असतं ते त्या घराने कधी बघितलंच नव्हतं.

"तिला फैलावर घेऊ नका हं," ते हळूच म्हणाले.

"मी चोर पकडत नाही, आजोबा. वस्तू परत करते," सापडलेबाई म्हणाल्या आणि कोरे कागद मागितले.

४

सूनबाई आली तेव्हा टेबलाभोवती घरचे तिघे बसले होते आणि मुलासमोर, नातीसमोर आणि चौथ्या रिकाम्या खुर्चीसमोर एकेक कागद ठेवला होता. सापडलेबाईंना पाहून तिच्या कपाळावर आठी पडली, पण पाहुण्या माणसासमोर ती काही बोलली नाही.

"दुरुस्तीआधी एक अर्ज भरून घेते मी घरातल्या प्रत्येकाकडून," बाई म्हणाल्या. "नाव, मजला, खाली सही. एवढंच. आजोबांना माफ."

अर्जावर तीन वाक्यं होती आणि प्रत्येकापुढच्या चौकटीत बाईंनी आधीच बरोबरची खूण करून ठेवली होती. मुलाने कागद ओढला, सही ठोकली, परत दिला. मजकुरावर त्याची नजरही ठरली नाही. नातीने वाचलं, फिस्सकन हसली, तिसरी खूण खोडली आणि शेजारी जीभ काढलेलं तोंड काढलं. सूनबाईने कागद दोनदा वाचला. तिसऱ्या वाक्याशी तिच्या भुवया वर गेल्या. मग तिने मजल्याचा आकडा नीट लिहिला, सही केली, खाली तारीख घातली.

बाईंनी तिचा कागद उचलला. "वाचलंत?"

"वाचलं."

"तिसरं वाक्य मोठ्याने वाचता?"

सूनबाईने वाचलं. "'दुरुस्तीवाल्या बाईंना रोज पहाटे पाच वाजता आमच्या दारात उभं राहून बिगूल वाजवण्याची परवानगी आहे.'"

"बिगूल आहे माझ्याकडे. बसमध्ये विसरला होता कुणीतरी. मग उद्यापासून येऊ?"

"अजिबात येऊ नका!"

"पण खूण तर तुम्ही तशीच ठेवलीत."

"ती माझी कुठे आहे?" सूनबाई म्हणाली. "ती आधीच केलेली होती."

हे ती इतक्या सहज म्हणाली की आपण काही वेगळं बोललो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. सापडलेबाईंनी कागद खाली ठेवला. "आधीची खूण खोडायची नाही, हे कुठे शिकलात?"

"आमच्याकडे नियमच आहे. रक्ताच्या बाटलीसोबत कागद येतो. कुठल्या तपासण्या करायच्या त्यावर वरच्या माणसाने खुणा केलेल्या असतात. त्या आपण खोडायच्या नाहीत, कितीही विचित्र वाटल्या तरी. आपली असेल ती फक्त जोडायची. माझ्या पहिल्याच वर्षी शेजारच्या मुलीने एक खूण चुकीची समजून खोडली. पेशंटची तपासणी राहून गेली. फार वाईट झालं त्याचं. एकोणीस वर्षं झाली. पण हे तुम्ही मला का विचारताय?"

"रविवारी चार वाजून बारा मिनिटांनी तुम्ही भिंग बसवत होता, म्हणून," बाई शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा किती चौकटींत आधीच खुणा होत्या?"

सूनबाईचा हात तोंडाशी गेला.

"दोन," ती म्हणाली. "मी वाचल्या होत्या. 'सोबत स्वस्त सोबती घ्या', 'सोबत शोधमित्र घ्या'. मला वाटलं, ज्याने भिंग बनवलं त्यानेच खुणा केल्यात, त्याला काय लागतं ते माहीत असणार. मी ठेवल्या तशाच." तिने आजोबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "म्हणजे हे सगळं मी... आणि मी तुमच्याकडे..."

आजोबांच्या कानात यातलं निम्मंच शिरलं होतं. बाकीचे चोर शोधत होते, ते वेगळ्याच ठिकाणी अडकले होते.

"भिंग तू आणलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्यासाठी? मग बोलली का नाहीस?"

"त्यात बोलायचं काय?" सूनबाई म्हणाली, आणि मग तिचा आवाज जरा हलला. "तुम्ही रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून बसायचात. दर पाच मिनिटांनी पान उलटायचात, आम्हाला कुणाला कळू नये म्हणून. एकदा ते उलटं धरलं होतंत. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला बघवेना."

दोन वर्षं हे नाटक आपण बेमालूम वठवतोय अशी आजोबांची समजूत होती. ते खजील झाले, आणि त्याच वेळी त्यांना इतकं भरून आलं की ते नाक शिंकरायच्या निमित्ताने उठून उभे राहिले.

"चुकलं माझं, बाबा," सूनबाई म्हणाली. "काल तसं बघायला नको होतं मी."

"मला कुठे दिसतं तू कशी बघतेस ते," आजोबा म्हणाले. नात हसली, मग मुलगा हसला, आणि डोळे पुसता पुसता सूनबाईलाही हसू फुटलं.

५

"आता पाहुण्यांना वाटेला लावू," सापडलेबाई म्हणाल्या. "पण माझ्या हातून नाही. तुम्ही आणलेत, तुम्हीच घालवा."

सूनबाई माउस घेऊन बसली. शेजारी आजोबा. 'स्वस्त सोबती' निवडून तिने 'काढा' म्हटलं, तर पडदाभर एक रडवेला चेहरा उगवला आणि त्याखाली एक भलंथोरलं हिरवं बटण आलं.

"थांब, सगळं वाचू दे," आजोबा म्हणाले आणि भिंग इंचाइंचाने सरकवू लागले. "'आम्हाला खरंच सोडून जाणार? तुमची बचत थांबेल.' नाटकी आहे. हिरव्यात लिहिलंय, 'ठेवा'. आणि खाली कोपऱ्यात काहीतरी आहे, फिकट, मुंगीएवढं... 'तरीही काढून टाका'."

सूनबाईने मुंगी दाबली. 'सोबती' गेला. 'शोधमित्र'ही तसाच रडून गेला. मग बाईंनी ब्राउझरच्या आत चिकटलेली 'शोधमित्रा'ची पट्टी दाखवली, ती काढली. पहिलं उघडणारं पान बदललं होतं, ते पूर्ववत केलं. कुठकुठल्या साइटना सूचना पाठवायची परवानगी आहे त्या यादीत एकच अनोळखी नाव होतं, गुरुवारचं.

"ही माझी खिडकी," आजोबा म्हणाले. "ही मी लावतो." आणि त्यांनी ती लावली.

शेवटी बाईंनी सफाई करणारा एक प्रोग्रॅम आणला, पण तो बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून, रस्त्यात कुणी फुकट वाटतंय तिथून नव्हे. त्याने कानाकोपरा धुंडाळला आणि दोन उरलीसुरली पिल्लं शोधून काढली. ती गेल्यावर बाईंनी प्रोग्रॅमची यादी पुन्हा एकदा पाहिली. आजोबांच्या मनात पाल चुकचुकली.

"भिंगही काढावं लागेल," बाई म्हणाल्या. "ज्याने सामानातून चोर आणले त्याला घरात ठेवता येत नाही."

सूनबाई आजोबांकडे पाहत राहिली. तिच्याने बटण दाबवेना. शेवटी आजोबांनीच तिच्या हातावर हात ठेवून दाबायला लावलं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. जाहिरात आली नाही, आवाज आला नाही, इंटरनेट उघडलं तर हवं तेच पान आलं. मुलाने टाळी वाजवली. आजोबांना मात्र पडद्यावर एक मोठा राखाडी डाग दिसत होता आणि त्याच्या कडेला थोडा उजेड.

"दुसरं भिंग कुठे मिळेल?" सूनबाईने विचारलं. "पैसे देऊन घेऊ. चांगल्यातलं."

"ते तुमच्याकडे आहे."

"कुठे?"

"यातच. हा डबा घरी आला त्या दिवसापासून. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये बनवणाऱ्यानेच दिलेलं असतं, कमी दिसणाऱ्यांसाठी. कुणी सांगत नाही आणि कुणी शोधत नाही." बाईंनी आजोबांची दोन बोटं धरली आणि दोन कळांवर ठेवली. "एकदम दाबा."

आजोबांनी दाबलं. राखाडी डागाच्या कडेने अक्षरं फुगून वर आली, आधीच्या भिंगात दिसत होती त्याहून मोठी, काळीभोर आणि स्वच्छ.

सूनबाईने कपाळाला हात लावला. "म्हणजे मी रविवारची झोप मोडून हा उद्योग केला, आणि हे आतच होतं?"

"आतच होतं," सापडलेबाई म्हणाल्या आणि चष्मा डब्यात घातला. त्यांचं काम झालं होतं. चहाला त्या थांबल्या नाहीत, दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी प्रिंटर अडला होता.

६

दुकानात जायचं रद्द झालं. पासवर्ड मात्र सूनबाईने घातलाच. पुन्हा कुणी पटकन काही बसवून ठेवू नये म्हणून नवीन प्रोग्रॅम घालायला तो लागणार होता. आजोबा ऐकत होते. आपल्याला वाचायला मिळणार आहे एवढ्यावर ते खूश होते. कुलपाची त्यांची काही तक्रार नव्हती.

रविवारी दुपारी नात आली. तिला फोटो जोडायचा एक प्रोग्रॅम हवा होता. "आई, पासवर्ड?"

सूनबाई हातातलं काम टाकून आली, पण तिने की-बोर्डला हात लावला नाही. आजोबांच्या कानाशी वाकून तिने पासवर्ड सांगितला. "हा तुमच्याकडेच राहू दे, बाबा. मलाही लागला तर मी तुम्हाला विचारीन. आता या घरात काहीही आत घ्यायचं असेल तर आधी तुम्ही वाचायचं."

"मी?"

"आमच्यात तुमच्याइतकं सावकाश कुणाला वाचता येतं? यांनी न वाचता सही केली, मी वाचून फसले."

आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. दोन कळा दाबल्या. छापखान्यात एखादं पान यंत्रावर चढवण्याआधी शेवटचं बघायचे तसे ते सरसावून बसले आणि एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले. नात चुळबुळ करत होती. सूनबाई त्यांच्या मागे उभी राहून ऐकत होती. चौथ्या पानावर, अगदी तळाशी, ते थांबले.

"सूनबाई, इथे एक खूण आहे. आधीच केलेली. 'सोबत हवामानमित्र घ्या' म्हणतोय. खोडू?"

"नको," ती म्हणाली. "मी खोडते."

तिने माउस घेतला, एक क्षण घुटमळली, आणि दाबलं. चौकट रिकामी झाली. आभाळ काही कोसळलं नाही.

"पुढचं वाचा, बाबा," सूनबाई म्हणाली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. आजोबा पुढचं वाचू लागले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना वाचायचं काम दिलं होतं, आणि ते वाचून होईपर्यंत सगळं घर खोळंबून बसलं होतं.